कोकणात नदीकाठी तंबूत मुक्काम: चालत जाणाऱ्यांसाठी कामांचा क्रम

घाटाच्या पायथ्याशी नदीकाठी तंबू ठोकणाऱ्यांची फसगत बहुतेक एकाच पद्धतीने होते. साडेपाचला नदीवर पोचायचं, पाण्याला लागून सपाट वाळू दिसली की तिथेच तंबू उभा करायचा, आणि मग अंधारात पाणी, लाकडं, आडोसा शोधत फिरायचं. तंबू चांगला असतो, सामानही असतं. चुकतो तो कामांचा क्रम. आधी नदी, मग माणसं, मग जागा आणि त्यानंतर तंबू, या क्रमाने गेलं तर रात्रीचे बहुतेक त्रास टळतात.

पुढची मापं दोन माणसांच्या एका रात्रीसाठी आहेत. गाडी वाडीत ठेवून, किंवा एसटीने उतरून, सगळं सामान पाठीवर घेत एक ते दोन किलोमीटर चालायचं, असं धरलं आहे. पहिल्या खेपेला याहून लांब जाऊ नका. कुणाचा पाय मुरगळला किंवा कुणाला काही चावलं, तर तेवढंच अंतर त्याला उचलून आणावं लागेल.

## टप्पा १ : महिना आणि नदी ठरवणं

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा खरा काळ. ऑक्टोबरमध्ये भातकापणी चालू असते, बांध चिखलाचे असतात आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस येऊ शकतो. मार्चपासून बऱ्याच नद्यांची धार तुटते, फक्त कोंडी (पात्रातले खोल डोह) उरतात, गवत वाळून कोरडं ठणठणीत होतं आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. मे महिन्यात वळीव कधी कोसळेल याचा नेम नाही. जून ते सप्टेंबर नदीकाठी तंबू नकोच, कितीही उंचावर असला तरी. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण बुडालं आणि महाडजवळच्या तळिये गावावर दरड आली ती एकाच दिवशी, २२ तारखेला. पावसात पायथ्याला पाणी आणि डोंगर दोन्ही हलतात.

कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी घाटमाथ्यावर पाऊस झाला तर पाणी काही तासांतच खाली येतं. म्हणून हवामान खात्याचा अंदाज दोन ठिकाणांचा बघा: तुमच्या तालुक्याचा आणि नदी जिथून उतरते त्या घाटमाथ्याचा. कोयनेच्या बाजूला किंवा महाबळेश्वराकडे पाऊस सांगितला असेल तर बेत पुढे ढकला.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. काही नद्यांना ऐन हिवाळ्यातही पाणी चढतं, आणि त्याचा पावसाशी काही संबंध नसतो. भिवपुरीच्या वीजगृहाचं पाणी उल्हासमध्ये, खोपोलीचं पाताळगंगेत, भिऱ्याचं कुंडलिकेत आणि कोयना प्रकल्पाचं पाणी पोफळी-कोळकेवाडीकडून वाशिष्ठीत येतं. विजेची गरज पडेल तसं पाणी सुटतं. सकाळी घोटाभर असलेला प्रवाह थोड्याच वेळात कमरेपर्यंत येऊ शकतो. तिलारीसारख्या धरणाखालीही तीच काळजी. या नद्यांवर पहिला मुक्काम करू नका. वीजगृह आणि धरण यांच्या वरच्या बाजूचा किंवा त्यांच्याशी संबंध नसलेला एखादा लहान फाटा निवडा.

इशारा: वाशिष्ठी, सावित्री आणि जगबुडीच्या खालच्या, संथ आणि खोल पट्ट्यात मगरी आहेत. चिपळूण, महाड, खेड या शहरांच्या आसपास नदीकाठी तंबू लावू नका. तिथून आणखी खाली तर भरतीचं पाणी चढतं. तिला खाडी समजा, नदी नव्हे.

## टप्पा २ : वाडीत विचारणं

रत्नागिरी-सिंधुदुर्गात नदीकाठची मोकळी दिसणारी जमीन बहुतेक वेळा कुणाच्या तरी मालकीची असते. सातबाऱ्यावर दहा नावं असतात आणि त्यातली आठ मुंबईला असतात, तरी ती बघणारा माणूस वाडीत असतोच. त्याला शोधणं हे पहिलं काम. बेत ठरला की शक्यतो आठवडाभर आधी कुणाच्या ओळखीने फोन करा. नाहीतर पोचल्यावर पहिल्या घराच्या पडवीशी उभं राहून मोठ्या माणसाला विचारा.

विचारताना "इथे राहिलं तर चालेल का" एवढ्यावर थांबू नका. या पाच गोष्टी विचारा:

१. ही जागा कुणाची, आणि त्यांना सांगायचं कसं?
२. नदीला मध्येच पाणी येतं का? सोडतात का? कधी?
३. कोणत्या कोंडीत उतरायचं नाही?
४. देवाची जागा कुठून कुठपर्यंत आहे?
५. गावाच्या नळपाणी योजनेची विहीर कुठे आहे?

शेवटचा प्रश्न शहरातून आलेलं कुणी सहसा विचारत नाही. कोकणातल्या कितीतरी गावांची पिण्याची विहीर नदीच्या पात्रालगतच असते. तिच्या वरच्या अंगाला तुम्ही शौचाला बसलात किंवा साबण लावलात, तर ते पाणी सगळं गाव पिणार असतं.

देवराईत तंबू नको, तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. काही कोंडींतले मासे देवाचे मानतात, महाडजवळची काळ नदीवरची वाळण कोंड त्यातलीच. तिथे गळ टाकू नका.

जागा राखीव वनात येत असेल तर परवानगी वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयातून घ्यायची. गावाने हो म्हटलं तरी ती परवानगी ठरत नाही. अभयारण्याच्या हद्दीत ठरवून दिलेल्या जागेबाहेर मुक्काम करू नका.

निघण्याआधी पोलीस पाटलांना किंवा यजमानांना कागदावर लिहून द्या: नावं, फोन, गाडीचा नंबर, कुठे राहणार, सकाळी किती वाजेपर्यंत परत येणार. पायथ्याच्या खोऱ्यांत मोबाईलला बहुतेक रेंज नसते. तुम्ही परत आला नाहीत हे कुणाला तरी कळायला हवं.

तपासा: जागेचा मालक कोण ते कळलं. पाणी सोडण्याबद्दल विचारलं. परत येण्याची वेळ कुणाकडे तरी लिहून ठेवली. यातलं एकही राहिलं असेल तर पुढे चालू नका.

## टप्पा ३ : सामान बांधणं

पाठीवरचं वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. साठ किलोच्या माणसाला बारा किलो, त्यात पाणी धरून. दगडगोट्यांच्या पात्रातून चालायचं असतं आणि तोल गेला की जास्तीचा प्रत्येक किलो गुडघ्यावर येतो.

दोघांत मिळून एवढं पुरतं:

- आतला जाळीचा (इनर) आणि वरचं आवरण (आऊटर) वेगळं असलेला दोन माणसांचा तंबू, आणि खाली अंथरायला ताडपत्री. एकाच कापडाचा स्वस्त तंबू कोकणातल्या दवात आतून घामेजतो आणि पहाटे अंगावर ठिबकतो.
- बारा पेग (तंबूच्या खुंट्या), सहा-सहा मीटरच्या चार जादा दोऱ्या, आणि चार मोकळ्या कापडी पिशव्या. त्या कशासाठी ते टप्पा ६ मध्ये.
- दोन कॅरिमॅट. अंगावर घ्यायला दहा-बारा अंशांपर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग किंवा जाड गोधडी. थंडी अंगापेक्षा खालच्या जमिनीतून जास्त येते, म्हणून ब्लँकेट विसरलं तरी चालेल पण मॅट नको विसरायला.
- दोन हेडटॉर्च, जादा सेल. मोबाईलचा टॉर्च यात मोजू नका, तो हात अडकवतो.
- खुरपं, माचिस दोन ठिकाणी, शिट्टी, मजबूत काठी प्रत्येकी एक.
- पाण्याच्या प्रत्येकी दोन लिटरच्या बाटल्या आणि पाच लिटरची घडीची कॅन.
- ओआरएस, रुंद इलॅस्टिक पट्ट्या दोन, चिमटा, चिकटपट्टी, जखमेचं औषध, स्वतःची नेहमीची औषधं.
- लांब बाह्यांचे कपडे, घोट्यावर येणारे बूट, पाण्यात उतरायला पट्ट्यांची सँडल.

सॅकच्या आत आधी एक जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात भरा. बाहेरून घातलेलं रेनकव्हर पाण्यात पडल्यावर उपयोगाचं नाही. झोपायचं सामान तळाला, तंबू त्यावर, जड वस्तू पाठीला चिकटून.

इशारा: गॅसचा डबा रेल्वेत किंवा एसटीत न्यायला मनाई आहे. गाडीने आला असाल तरच स्टोव्ह ठेवा. नाहीतर वाडीत भाकरी-उसळ आधी सांगून ठेवा आणि पैसे ठरवून द्या. एका रात्रीसाठी तेच जास्त सोयीचं आहे, आणि स्वयंपाकाचं दीड-दोन किलो ओझंही वाचतं.

## टप्पा ४ : दुपारी तीनच्या आत जागेवर

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. जागा शोधायला एक तास, तंबूला अर्धा, पाण्याला अर्धा, स्वयंपाकाला एक. उलटं मोजलं की तीन वाजतात. चार वाजून गेले आणि तुम्ही अजून वाडीतच असाल, तर त्या रात्री कुणाच्या खळ्यात तंबू लावायची परवानगी मागा आणि नदीवर सकाळी जा.

चालताना पायवाट सोडू नका. रानडुकरांपासून शेत राखायला काही ठिकाणी तारांत वीज सोडलेली असते, फासे लावलेले असतात. तार कितीही साधी दिसली तरी हात लावून, ओलांडून जायचं नाही.

डिसेंबरनंतर वाटेवर खाजकुयलीच्या तपकिरी, लवदार शेंगा लोंबत असतात. वाऱ्यानेही ती लव उडते. अंगाला लागली तर चोळू नका, लगेच पाणीही मारू नका. चिकटपट्टी दाबून दाबून लव उचलून काढा, मग धुवा.

नदी ओलांडावी लागू नये हे सर्वांत उत्तम. रस्ता आणि वाडी ज्या तीरावर आहे त्याच तीरावर मुक्काम करा. ओलांडायचीच असेल तर साकवावरून (लहान पायपुलावरून) जा. साकव नसेल तर गावकरी जिथून नदी ओलांडतात त्या उथळ जागेवरूनच जा. अनवाणी उतरू नका, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, काठी वरच्या अंगाला टेकवा आणि तोंड प्रवाहाकडे ठेवून आडवं सरका. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर मागे फिरा.

## टप्पा ५ : जागा निवडणं

इथे घाई करू नका. सॅक वाटेवर ठेवा आणि मोकळ्या हाताने नदीच्या वरच्या अंगाला दोनशे पावलं, खालच्या अंगाला दोनशे पावलं चालून या. बघायचं ते असं.

पाण्याची उंची. पात्रातल्या झुडपांत, झाडांच्या बुंध्यांत काटक्या, पेंढा, प्लास्टिक अडकलेलं असतं. ती पावसाळ्यातल्या पुराची रेषा. हिवाळ्यात तिच्या खाली राहता येतं, पण ताजी खूण वेगळी ओळखावी लागते. दगडांवर ओला किंवा गडद पट्टा दिसतो, त्यावर धूळ नसते, वाळूवर पाण्याच्या नव्या रेघा असतात. असा पट्टा आताच्या पाण्यापेक्षा वर दिसला, तर इथलं पाणी रोज चढतं असं समजा आणि ती जागा सोडा.

साधा नियम: पाण्यापासून ऐंशी पावलं लांब आणि निदान दोन पुरुष उंच. दोन्ही अटी हव्यात. पाण्यापासून लांब पण सखल अशी जागा पुराच्या वेळी आधी भरते, कारण पाणी मागून जुन्या ओहोळातून येतं आणि तुमचा काठ बेट होतो.

दोन धारांमधली वाळू. सगळ्यांना आवडणारी जागा हीच, आणि सगळ्यांत वाईटही हीच. पऱ्ह्या (लहान ओढा) नदीला मिळतो ते तोंडही टाळा.

बंधारा. नोव्हेंबर-डिसेंबरात गावकरी सिमेंटच्या पोत्यांत वाळू भरून वनराई बंधारे घालतात. त्यांच्या लगेच खालच्या अंगाला तंबू नको. बंधाऱ्याचं एकही पोतं हलवू नका, त्यामागच्या पाण्यावर उन्हाळाभर विहिरी आणि गुरं असतात.

थंड हवा आणि ऊन. रात्री थंड हवा डोंगरावरून उतरून नदीच्या तळाशी साचते. पाण्यालगतच्या सपाटीपेक्षा काठावरच्या मळीवर (गाळाच्या उंच सपाट जमिनीवर), पाच-सहा मीटर वर, रात्र उबदार जाते आणि दवही कमी पडतं. पायथ्याला आणखी एक अडचण आहे: पूर्वेला सह्याद्रीची भिंत असल्याने सकाळचं ऊन उशिरा पोचतं. डोंगराला अगदी चिकटून राहिलात तर साडेआठ-नऊपर्यंत तंबू ओलाच राहील. डोंगरापासून जितकं पश्चिमेला, जितकं मोकळं, तितकं बरं.

डोक्यावर काय आहे. नारळ आणि वाळक्या फांद्यांखाली नको. उंच सावरीवर किंवा कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर पाव किलोमीटर तरी लांब जा, आणि तिथे धूर अजिबात करू नका. झाडावर पानं शिवून केलेली हुमल्यांची (चावऱ्या लाल मुंग्यांची) घरटी असतील तर तेही झाड सोडा.

पायाखाली काय आहे. ताजं कापलेलं भातखाचर सपाट आणि मऊ असतं, पण धान्याच्या मागे उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप. शिवाय भात निघाल्यावर कुळीथ, पावटा, वाल पेरलेले असतात. उगवलेलं दिसत नाही म्हणून रिकामं समजू नका, मालकाला विचारा. पाल्याचा जाड थरही नको. दोडामार्ग-सावंतवाडी भागात गोचिडांतून माकडताप पसरतो, तिथे तर पाल्यावर नुसतं बसूसुद्धा नका. जवळ मेलेलं माकड दिसलं तर त्या जागेवरून निघा आणि आरोग्य केंद्राला कळवा. दगडांच्या ढिगाऱ्याजवळ फुरसं आणि लाल विंचू सापडतात. दगड हलवायचाच तर आधी काठीने उलटा, बोटं खाली घालू नका.

तपासा: जागा ठरल्यावर तिथे उभं राहून विचारा, रात्री दोन वाजता पाणी वाढलं तर कुठून वर जायचं? ती वाट उजेडात एकदा चालून या. वाटेत नदी किंवा ओहोळ आडवा येत असेल तर जागा बदला.

## टप्पा ६ : तंबू उभा करणं

आधी जमिनीवर आडवे पडा. दगड आणि उतार डोळ्यांपेक्षा पाठीला लवकर कळतात. थोडा उतार असेल तर डोकं वरच्या बाजूला येईल असा तंबू लावा.

१. खाली ताडपत्री अंथरा. तिचा काठ तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं आत हवा. बाहेर राहिली तर आऊटरवरून ओघळलेलं दव तिच्यावर जमतं आणि तुमच्या खाली येतं. ओल्या तळाचं कारण निम्म्या वेळा हेच असतं.

२. रात्री वारा डोंगराकडून खाली, समुद्राच्या दिशेने वाहतो. तंबूची अरुंद बाजू डोंगराकडे करा. दार खालच्या अंगाला.

३. इनर अंथरा, दांडे घाला, उभा करा, मगच पेग मारा. पेग तंबूपासून बाहेर झुकलेला, जमिनीशी साधारण पंचेचाळीस अंशांत, पूर्ण आत जाईपर्यंत.

४. जांभ्यात पेग जात नाही, वाकतो. दोरीच्या टोकाला हातभर काटकी बांधा, काटकीवर मोठा दगड ठेवा, त्याच्या पुढे अजून एक. वाळूत पेग धरत नाही. मघाच्या कापडी पिशवीत वाळू भरून दोरी तिला बांधा आणि पिशवी वीतभर-दीड वीत खोल आडवी पुरा.

५. आऊटर ताणा. इनर आणि आऊटर एकमेकांना कुठेही चिकटता कामा नये, निदान चार बोटं फट हवी. चिकटले की दव थेट आत झिरपतं. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, म्हणून झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा एकदा ताणा.

६. वरच्या झडपा उघड्या ठेवा. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं तर श्वासाची वाफ कापडावर साचते आणि पहाटे पाऊस पडल्यासारखं वाटतं. उब मॅट आणि पांघरुणातून मिळवा.

तंबू उभा झाल्या क्षणापासून जाळीची चेन बंद. पाच मिनिटांसाठी आत गेलात तरी बंद. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या चाव्याची आग होत नाही, कधी खूणही दिसत नाही. बंद चेन हा त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

## टप्पा ७ : पाणी

उजेड असतानाच सगळं पाणी आणून ठेवा. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी चार ते पाच लिटर. अंधारात नदीवर जायची गरजच पडू नये.

घ्यायचं ते वाहत्या धारेतून, कपडे धुण्याच्या आणि म्हशी बसण्याच्या जागांच्या वरच्या अंगाला. साचलेल्या कोंडीतलं नको. चार पदरी धुतलेल्या कापडातून गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा. उकळणं शक्य नसेल तर क्लोरीनचं औषध लेबलवरच्या मापाने घाला आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून आधी निवळू द्या. नितळ दिसतंय म्हणून तसंच पिणं ही नेहमीची चूक. वरच्या वाडीतली गुरं त्याच पाण्यात उतरलेली असतात.

पायाला जखम असेल तर भातशेतातल्या आणि साचलेल्या पाण्यात उतरू नका. पावसाळा संपता संपता कोकणात लेप्टोचे (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचे) रुग्ण निघतात आणि तो जंतू जखमेतून सहज शिरतो.

इशारा: अनोळखी कोंडीत पोहू नका. वरून शांत दिसणाऱ्या डोहात खाली कपारी आणि रांजणखळगे असतात, कडेचा खडक शेवाळाने इतका गुळगुळीत असतो की बाहेर यायला हात धरत नाही. अंग धुवायचं तर पाणी भांड्यात घेऊन नदीपासून लांब, साबणाशिवाय.

## टप्पा ८ : शौचाची जागा

हेही उजेडात ठरवा. नदी, ओहोळ, विहीर यांपासून ऐंशी पावलं, वाटेपासून दूर, काजू-आंब्याच्या बागेत नाही. खुरप्याने वीतभर खड्डा, नंतर मातीने पूर्ण झाकायचा. कागद आणि पॅड पिशवीत बंद करून परत न्यायचे, पुरलं तर रानडुक्कर उकरतं. जांभ्याच्या कातळावर खड्डा होत नाही. तिथे राहणार असाल तर वाडीतल्या संडासाची सोय आधीच विचारून ठेवा.

## टप्पा ९ : स्वयंपाक, सूर्य मावळायच्या आत

स्टोव्ह तंबूपासून पंधरा पावलं लांब, मोकळ्या मातीवर किंवा वाळूवर. तंबूच्या आत किंवा पडवीत स्टोव्ह पेटवू नका: कापड पेटतं, आणि बंद जागेत विषारी वायू साचतो.

दोघांना रात्री तीनशे ग्रॅम तांदूळ आणि कुळथाची पिठी भरपूर होते. पिठीला पन्नास ग्रॅम कुळथाचं पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्या, गुठळी राहता कामा नये. लसूण-मिरचीची फोडणी, पाऊण लिटर पाणी, कालवलेलं पीठ, कोकम, मीठ. दहा मिनिटांत तयार होते आणि गॅस थोडा लागतो. सकाळला दोनशे ग्रॅम पोहे. सुकी मासळी घरीच ठेवा, तिचा वास कोल्ह्याकुत्र्यांना लांबून येतो, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो.

शेकोटी ही गरज नव्हे. फेब्रुवारीपासून, किंवा आसपास वाळलं गवत असेल तर केव्हाही, ती नकोच. राखीव वनात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. मालकाने हो म्हटलं, जागा उघड्या वाळूवर असली आणि वारा पडलेला असला तरच लहानशी पेटवा. भोवती नदीतले ओले गोटे लावू नका, तापले की फुटून उडतात. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, परत पाणी ओता, मग हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. ऊब लागली तर आग अजून जिवंत आहे.

भांडी पाण्याजवळ नेऊ नका. राखेने किंवा वाळूने घासून, नदीपासून लांब खड्ड्यात धुवा. खरकटं, साली, अंड्याची टरफलं, सगळं पिशवीत. अन्नाची पिशवी घट्ट बांधून तंबूपासून तीस-चाळीस पावलांवरच्या फांदीला डोक्याच्या वर टांगा.

## टप्पा १०: रात्र

झोपण्याआधी पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि ती तंबूकडून टॉर्चच्या उजेडात दिसेल अशी चुन्याची बोटं किंवा पांढरी चिंधी तिला लावा. रात्री जाग आली की जागच्या जागी उजेड टाकून बघा. काठी पाण्यात गेली असेल, प्रवाहाचा आवाज बदलला असेल, पाणी गढूळ होऊन पाला-काटक्या वाहत असतील, तर वाट बघू नका. टॉर्च, बूट, फोन, माणसं. तंबू तिथेच सोडून ठरवलेल्या वाटेने वर.

बूट तंबूच्या आत, पिशवीत. बाहेर राहिले असतील तर घालण्याआधी उलटे करून झाडा. लघवीला उठलात तरी बूट आणि टॉर्च, आणि पुढे काठी आपटत चला.

साप चावला तर: पट्टी आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठी-घड्याळ काढा, चावलेला भाग काठीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा, रेंज नसेल तर एकाने वाडीत पळावं, आणखी कुणी असेल तर त्याने चावलेल्या माणसाजवळ थांबावं. वाडीत खुर्ची आणि चार माणसं मिळतात, त्यांना उचलून आणू द्या. साप शोधत किंवा मारत बसू नका. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. घाम सुटणं, उलटी, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. जवळचं रुग्णालय कोणतं आणि रस्त्यापासून किती लांब, हे टप्पा २ मध्येच विचारून ठेवलेलं बरं. बिबट्या, गवा किंवा आणखी कुठला वन्यप्राणी जवळ वावरत असेल तर वनविभागाचा क्रमांक १९२६.

## टप्पा ११: आवरणं

साडेसहाला उठलात तरी तंबू वाळलेला नसेल. आधी आऊटर सोडून, झटकून, दोरीवर उन्हाच्या बाजूला टाका. इनर मोकळा करून उलटा करा. तोवर चहा-पोहे. ऊन पोचायला उशीर असेल तर ओला आऊटर वेगळ्या पिशवीत भरा, इनरबरोबर गुंडाळू नका.

पेग मोजा. बारा आणलेत तर बारा. रुतून राहिलेला पेग पुढच्या पावसाळ्यात नांगरणाऱ्या माणसाच्या किंवा बैलाच्या पायात जातो. दगड होते तिथे ठेवा, खड्डे बुजवा, पुरलेल्या पिशव्या काढा. मग दोघांनी हातभर अंतर ठेवून जागेवरून एक फेरी मारा, नजर जमिनीवर.

वाडीत जाऊन निघतोय असं सांगा, पोलीस पाटलांना फोन करा. ज्यांच्याकडे तुमची परतीची वेळ लिहिलेली आहे ते वाट बघत असतात. गाडी ठेवली, भाकरी दिली, त्याचे पैसे आठवणीने द्या.

गाडीत बसण्याआधी घोटे, गुडघ्यामागची घडी, जांघ, कानामागे गोचीड लागली आहे का ते एकमेकांना बघायला सांगा. असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडी, चटका यातलं काही नको. घरी पोचल्यावर तंबू त्याच दिवशी उघडून वाळवा. कोकणातली ओल दोन दिवसांत बुरशी धरते आणि एकदा आतला लेप सुटला की तो परत बसत नाही. पुढच्या तीन आठवड्यांत कुणाला ताप आला, अंग किंवा पोटऱ्या फार दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना कुठे राहिलो होतो ते आपणहून सांगा. नदीचं पाणी, भातशेत, गोचीड, माकड, जे जे असेल ते सगळं. शहरातला डॉक्टर हे विचारेलच असं नाही.